बातमीखालचा प्रश्न

'लंकाबाईंच्या शेळीला तीन पिल्लं झाली. बातमी आणणारी – अपूर्वा, इयत्ता तिसरी.'

ही ओळ लीनाच्या हातची. काल सकाळी तिनंच लिहिलेली. पण त्या ओळीच्या खाली, फलकाच्या अगदी काठाला चिकटून, आज आणखी एक ओळ होती... थोडी उजवीकडे झुकलेली, घाईतली, आणि लीनाच्या ओळखीच्या कुठल्याच हाताची नसलेली.

'तिसरं पिल्लू दूध पितं का?'

शाळेच्या फाटकाची किल्ली हातात धरून लीना तशीच उभी राहिली. जानेवारीतली सकाळ, तोंडातून वाफ निघत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं उगाच मागं वळून पाहिलं. प्रश्न विचारून कुणी झाडाआड उभं राहतं का? पण पाहिलं.

फलक शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर होता, रस्त्याकडे तोंड करून. हिवरवस्तीची शाळा दोन शिक्षकांची – मुख्याध्यापक सूर्यभान गुरुजी आणि लीना. तिसगावपासून आत, ज्वारीच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर. सगळ्या शाळांसारखा इथंही सकाळी परिपाठ व्हायचा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि मग बातम्या. इतर शाळांत मुलं वर्तमानपत्रातून बातम्या उतरवून आणतात. हिवरवस्तीला वर्तमानपत्र यायचं दुपारच्या एसटीनं, तेही ड्रायव्हरनं अर्धं वाचून चुरगाळलेलं. म्हणून लीनानं तीन वर्षांपूर्वी वेगळंच सुरू केलं – गावची बातमी. रोज एका मुलानं आणायची, लाउडस्पीकरवर स्वतः वाचायची, मग ती फलकावर जायची. नियम दोनच. एक, बातमी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. 'म्हणे' चालणार नाही. आणि दोन, खरी बातमी दुसऱ्या सकाळपर्यंत कुणीही पुसायची नाही.

'म्हणे' काढून टाकल्यावर गावात बातम्या फार कमी उरतात, हे लीनाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण ज्या उरतात त्या गोड असतात.

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. पोरं आजी-आजोबांपाशी राहायची. लीना फलकाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायची, आणि तिकडे उसाच्या फडात, कोयता बाजूला ठेवून, आया त्या बातम्या वाचायच्या. अपूर्वानं एकदा अंगणातल्या जास्वंदीला फूल आल्याची बातमी आणली आणि फलकावर ते फूल काढलंही. त्यावर तिच्या आईचा आवाजी निरोप आला होता, "बाई, जास्वंदीचं फूल नीट दिसंना. जरा जवळून काढा की." त्या दिवशी लीनानं अपूर्वाच्या आजीच्या, रंगुबाईच्या, अंगणात जाऊन फुलाचा वेगळा फोटो काढला होता.

तर असा तो फलक. आणि त्याच्याखाली आज हा प्रश्न.

"केंद्रप्रमुखांचं काम दिसतंय," सूर्यभान गुरुजी म्हणाले. "हल्ली असे अभिप्राय द्यायचं निघालं असेल."

"भूत आसंल," पहिलीतून एक आवाज आला.

"भूत शेळीची काळजी कशाला करंल?" अपूर्वानं तिथल्या तिथं भूत निकालात काढलं.

पण खरं उत्तर लंकाबाईकडे होतं. लंकाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. प्रश्न वाचून दाखवला तसा त्यांच्या हातातला पळा थांबला.

"न्हाई पीत," त्या म्हणाल्या. "दोन थानं, तीन तोंडं. त्येला कोन जागा देतंय? मी म्हनलं, जगलं तर जगलं..." मग एकदम तोंड फिरवून, "पन ह्ये इचारनारं कोन? माज्या गोठ्यात डोकावून गेलं का काय मेलं?"

त्या दिवशी नवी बातमी लिहिताना लीनानं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात उत्तर लिहिलं – 'पीत नाही. काय करावं?'

दुसऱ्या सकाळी खाली चार ओळी होत्या. शेळीचंच दूध काढा. कोमट असताना लहान बाटलीनं पाजा. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. मान वर धरा, पण फार वर नको – ठसका लागतो.

पोरांनी पाळी लावून घेतली. पिल्लू जगलं.

आणि लीना... लीना रोज दहा मिनिटं लवकर यायला लागली. कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, फाटकाचं कुलूप जाम होतंय.

* * *

प्रश्न येतच राहिले. 'सूर्यभान गुरुजींनी नवा चष्मा आणला' या बातमीखाली – 'जुन्या चष्म्यातून काय दिसत नव्हतं?' गुरुजींनी अर्धा तास विचार केला आणि उत्तर सांगितलं, "लिहा, दिसत सगळं होतं. फक्त पोरं शहाणी दिसायची." 'हापशाला पाणी कमी येतं' याखाली – 'किती हापसे मारल्यावर?' मग पोरांनी मोजलं. सकाळी बेचाळीस, दुपारी साठ. पोरांना मोजायची चटकच लागली. लीनाला वाटलं, आठ वर्षं मी यांना प्रश्न विचारायला शिकवतेय, आणि हा कोण कुठला माणूस खडूनं चार शब्द लिहून शिकवून जातो!

कोण आहे? अक्षर पुरुषाचं वाटतं. शिकलेला आहे, पण सुंदर अक्षराचा सोस नाही. 'फार वर नको' असं लिहितो – म्हणजे हातानं पाजलेलं आहे त्यानं कधीतरी. वय? अक्षराला वय असतं का?

तिसऱ्या आठवड्यात ती दहा नाही, चाळीस मिनिटं लवकर आली.

रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी होती. आणि फलकासमोर, उकिडवा बसून, डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस लिहीत होता. जीभ दातात धरून. पहिलीतल्या पोरासारखी.

"काय चाललंय?" लीनानं परिपाठाच्या आवाजात विचारलं.

तो दचकून उठला. खडू पडला, दोन तुकडे झाले. तिशी ओलांडलेला, सावळा, डोळे जागे. मफलर खाली ओढून तो म्हणाला, "सापडलो म्हणायचं."

"शाळेच्या मालमत्तेवर लिहिताय तुम्ही."

"खडू माझा आहे मॅडम." त्यानं खिशातून डबी काढून दाखवली. नवी, अर्धी संपलेली. "तिसगावला घेतला. सरकारी खडूला हात लावलेला नाही."

लीनाला हसू आलं, ते तिनं कुलपाकडे वळवलं. "आणि आपण?"

"गोरक्षनाथ. पुढच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन आलोय. मूळचा पुणतांब्याचा. या रस्त्यानं रोज जातो मॅडम. रस्त्याला फलक लई, पण सगळे वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे. खरी बातमी एवढ्या एकाच फलकावर असते. मग गाडी थांबतेच."

"तुमच्या गाडीला बरीच उत्सुकता आहे."

"गाडीला नाही," तो म्हणाला, आणि मग काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल होतो तेव्हा फक्त कान सांगतात.

"तोंडी का नाही विचारलंत? शाळेत यायचं."

"तीन पिल्लं म्हटल्यावर राहवलं नाही. शाळा उघडायला तास होता, आणि तिसऱ्याकडं तेवढा वेळ असतोच असं नाही." त्यानं खडूचे तुकडे उचलले. "नंतर मात्र... सवय लागली. उत्तरं चांगली येतात तुमच्याकडून."

"उत्तरं मुलांची असतात."

"अक्षर तुमचं असतं," तो म्हणाला.

लीनानं फाटक उघडलं. कुलूप अजिबात जाम नव्हतं.

* * *

त्यानंतर गोरक्ष दर शनिवारी शाळेत यायला लागला, रीतसर, गुरुजींच्या परवानगीनं. मुलं त्याला काय वाटेल ते विचारायची. गाय उभ्यानं झोपते का? म्हैस गाभण असल्याचं कसं कळतं? कोंबडीला दात का नाहीत? तो एकाही प्रश्नाला हसायचा नाही. "हे मला माहीत नाही, बघून सांगतो," असंही म्हणायचा, आणि पुढच्या शनिवारी खरंच बघून आलेला असायचा. असा माणूस लीनानं शिक्षण खात्यात तर पाहिला नव्हता.

खिचडीच्या वेळी लंकाबाई त्याला मुद्दाम दोनदा वाढायच्या. "घ्या डॉक्टर. माजं करडू वाचवलं तुमी. आता आमच्या बाईंचं बी काय तरी बगा."

"काय दुखतंय मॅडमना?"

"त्येच तर सांगंनात त्या!"

"लंकाबाई, खिचडी लागतेय खाली," लीना म्हणायची. खिचडी लागत नसायची.

एका सोमवारी अपूर्वानं बातमी वाचली, 'परवा आमच्या बाई नवी साडी नेसून तिसगावच्या लग्नाला गेल्या. मी डोळ्यांनी पाहिले.' नियमात बसत होती. लीनाला लिहावी लागली. मंगळवारी खाली प्रश्न – 'रंग कोणता?'

"लिवा बाई! आंबा कलर!" सगळा वर्ग ओरडला.

तिनं लिहिलं. बुधवारी खाली एकच ओळ – 'अंदाज बरोबर आला.'

लीनानं त्या दिवशी फळा पुसायचं फडकं तीनदा धुतलं. वर्गात पाढे म्हणून घेताना सातच्या पाढ्यात सत्तेचाळीस म्हणाली, आणि कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. फोटो नेहमीप्रमाणे सुप्याला वडिलांनाही गेला. रविकांतरावांचं उत्तर आलं – 'साडीचा अंदाज कुणाचा?' तिनं मोबाईल उलटा करून ठेवला.

* * *

बदल्यांचं पोर्टल उघडलं ते फेब्रुवारीच्या शेवटी.

लीना आठ वर्षं त्याचीच वाट पाहत होती. आई जाऊन दोन वर्षं झालेली. वडील सुप्याला एकटे. तिथल्या कारखान्यात कारकून होते, आता निवृत्त. दर रविवारी दोन एसट्या बदलून ती जायची, आणि दर रविवारी ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे... तसेच, पाठमोरे, रस्त्याकडे बघत. तिचा जीव तुटायचा. परतताना एसटीत ती दरवेळी ठरवायची, यंदा पोर्टल उघडलं की सुप्याजवळची शाळा मागायची.

आणि आता उघडलं, तर बोट उचलेना.

का उचलत नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. त्यानं काही म्हटलेलं नव्हतं. शेळीच्या पिल्लापासून साडीच्या रंगापर्यंत सगळं विचारलं होतं त्यानं, पण एक प्रश्न नाही. मग आपण कशाच्या जोरावर थांबायचं? दोन ओळी खडूच्या?

बाजारच्या दिवशी तिसगावच्या सेवा केंद्रात बसून तिनं अर्ज भरला. कारण – वडिलांची प्रकृती. पाठवला. मागं वळली, तर खुर्चीमागं अपूर्वा उभी. रंगुबाईबरोबर बाजाराला आलेली, हातात भेळेचा पुडा, डोळे कॉम्प्युटरवर. सगळं वाचून झालेलं होतं. जोडाक्षरांसकट. वाचायला तिला लीनानंच शिकवलं होतं.

"बाई..." अपूर्वा म्हणाली, आणि पुढं काही न बोलता भेळ तशीच धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, परिपाठाला बातमीची पाळी तिची नव्हती. तिनं मागून घेतली. लाउडस्पीकर खरखरला.

"आमच्या बाईंनी बदलीचा अर्ज भरला. मी डोळ्यांनी पाहिले." आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "बातमी आणणारी, अपूर्वा, इयत्ता तिसरी."

समोर मुलं उभी. कुणी हललं नाही. गुरुजींनी नवा चष्मा काढून पुसायला घेतला.

"लिहिता ना बाई?" अपूर्वानं विचारलं. डोळे भरलेले, पण हनुवटी वर. "खरी हाय बातमी."

लीनानं लिहिली. आठ शब्द लिहायला एवढा वेळ लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी लंकाबाईंनी तिच्यापुढं ताट आपटलं. "जा बाई जा. समदी जात्यात. तुमी तरी ऱ्हाऊन काय करनार हिथं? आमच्या शेळ्या मोजनार?" आणि मग पदर तोंडाला लावून चुलीकडे.

शनिवारी सकाळी लीना फलकापाशी आली. बातमी जशीच्या तशी. त्याखाली काही नव्हतं.

टायरची खूण होती रस्त्याच्या कडेला. नेहमीच्याच जागी. म्हणजे थांबला होता. वाचून गेला होता. त्या दिवशी शाळेतही आला नाही. निरोप आला, कुठं तरी गाय अडलीय.

फोटो काढायचा नाही असं तिनं ठरवलं. मग काढला. फलकाचा खालचा भाग एवढा मोठा आणि काळा कधी दिसला नव्हता.

* * *

रविवारी ती पहिल्या एसटीनं निघाली. सुप्याला नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचली. घराला कुलूप.

तिनं शेजारचं दार वाजवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते चौकात असतील की चहावाल्यापाशी. रोजचंच आहे त्यांचं."

रोजचंच?

चौकात, एमआयडीसीच्या कमानीजवळ, चहाच्या गाडीशेजारी बाकडं टाकलेलं. त्यावर रविकांतराव बसलेले, मांडीवर फायलीचा पुठ्ठा, भोवती पाच-सहा कामगार पोरं – कुणी बिहारची, कुणी नांदेडकडची. वडील एकाला दरडावत होते, "'विषय' लिही आधी. विषय नसलेला अर्ज साहेब वाचत नसतो." मोठ्यानं हसत होते. लीनानं त्यांना असं हसताना... किती वर्षांत?

"बाबा!"

त्यांनी वर पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा केला. "लवकर कशी आलीस तू?"

"तुम्ही इथं काय करताय?"

"अर्ज लिहून देतो पोरांना. चाळीस वर्षं तेच केलं, हाताला दुसरं काय येतंय?"

"पण तुम्ही तर दर रविवारी घरात... खिडकीत एकटे बसलेले असता."

"रविवारी तू येणार असतेस म्हणून बसतो!" रविकांतराव म्हणाले. "तास-दीड तास बसतो. पाठ धरते माझी. तुझी एसटी कधी वेळेवर येत नाही."

लीना बाकड्यावर बसली. चहावाल्यानं न विचारता चहा दिला.

तिनं बदलीचं सांगितलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही सांगितलं. वडिलांनी पुठ्ठा बाजूला ठेवला.

"माझी प्रकृती? तू पाहिलीस डोळ्यांनी? की 'म्हणे' एकटे असतात?" ते तिच्याच फलकाचे नियमित वाचक होते, नियम त्यांना पाठ होते. "हे बघ बेटा. तू जवळ आलीस तर मला आनंदच आहे. खोटं कशाला बोलू? पण यायचं तर स्वतःच्या नावावर ये. माझं नाव पुढं करून नको. कारकुनीत एक शिकलो – खोट्या कारणाचा अर्ज मंजूर झाला की माणूस आयुष्यभर ते कारण खरं करत बसतो."

चहावरची साय तिनं बोटानं बाजूला केली.

"आणि मला सांग," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "शनिवारच्या फोटोत खाली काहीच नव्हतं. तो विचारणारा आजारी आहे का?"

"नाही."

"मग?"

"मला काय माहीत बाबा!"

"एवढं चिडायला काय झालं?" रविकांतराव म्हणाले, आणि समोरच्या पोराच्या अर्जावर विषय लिहू लागले. ओठांच्या कडेला हसू होतं. लीनानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

* * *

अर्ज मागं घ्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

हिवरवस्तीत मोबाईलला रेंज जेमतेम; फोटो, निरोप कसेबसे जातात, पण पोर्टल उघडत नाही. जवळात जवळ चांगली रेंज मिळते ती जनावरांच्या दवाखान्यात – तीही सगळीकडे नाही. जनावर जखडून उभं करायचा लोखंडी खोडा आहे ना, त्याच्या आडव्या पाइपवर चढून बसलं की. तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांनी आपली ऑनलाइन माहिती त्या खोड्यावर बसून भरलीय. लीनाला हे माहीत होतं. पाच वाजून वीस मिनिटांनी ती तिथं पोचली तेव्हा वाटेत तिनं एक वाक्य चौदा वेळा घोकलं होतं, आणि गोरक्षला बघताच ते विसरली.

तो अंगणात एका म्हशीचा पाय बघत होता. म्हशीची मालकीण बायडाबाई बाजूला तंबाखू मळत उभी.

"मॅडम?" तो उठला. हात मातीचे, बाह्या वर.

"रेंजसाठी आलेय," लीना म्हणाली, आणि पदर खोचून सरळ खोड्यावर चढून बसली. शाळेत मुलांना ती झाडावर चढू द्यायची नाही.

पोर्टल उघडलं. गोल फिरत राहिलं. शांतता अशी की म्हशीचं रवंथ ऐकू यावं.

"शनिवारी प्रश्न का नव्हता?" तिनं मोबाईलमधून मान वर न करता विचारलं.

तो हात पुसत जवळ आला.

"लिहायला बसलो होतो. खडू टेकवला पण होता. मॅडम, प्रश्न म्हणजे कसं असतं – उत्तर काहीही आलं तरी चालतं. पिल्लू पितं म्हणा, नाही पीत म्हणा, आपण पुढचं बघतो. पण ज्याचं एकच उत्तर यावं असं वाटतं... तो प्रश्न नसतो. ते मागणं असतं. आणि मागणं असं भिंतीवर, सगळ्या गावासमोर, कसं लिहायचं?"

लीनानं मोबाईल मांडीवर ठेवला. "मग तोंडी मागा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मोबाईल वाजला. ओटीपी आला होता. दहा मिनिटांसाठी वैध.

"हा कशाचा?" त्यानं विचारलं.

"अर्ज मागं घ्यायचा असेल तर."

"मग मी आत्ता नाही बोलणार." तो चक्क दोन पावलं मागं सरकला. "आधी तुमचं ठरवा. माझ्या बोलण्याचं ओझं तुमच्या अर्जावर नको. वडील आहेत तुमचे तिकडं."

"आणि मी गेले तर? बोलणारच नाही?"

"बोलणार की. सुप्याला येऊन बोलेन. मागणं तेच राहील." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "पेट्रोल तेवढं वाढेल."

बायडाबाईनं तंबाखू तोंडात टाकायचं थांबवलं होतं.

लीनानं त्याच्याकडे पाहिलं. मातीचे हात, वर दुमडलेल्या बाह्या, आणि हे असं एकमेकांना मोकळं सोडणारं बोलणं... आठ वर्षांत पोर्टलनं तिला कितीतरी पर्याय दिले होते, प्राधान्यक्रम टाकायला लावले होते. असा एकही नव्हता.

"तिकडं तोंड करा," ती म्हणाली.

"काय?"

"म्हशीकडं तोंड करा. मला आकडे टाकायचेत."

तो वळला. आज्ञाधारकपणे, हात मागं बांधून. लीनानं आकडे टाकले. एक, एक, सावकाश. बटण दाबलं. गोल फिरलं, फिरलं... आणि थांबलं. तिनं एक श्वास घेतला, आतपर्यंत. वडिलांसाठी नाही, याच्यासाठीही नाही; स्वतःच्या नावावर. फलकावरच्या त्या मोठ्या काळ्या मोकळ्या जागेची शनिवारी तिला जेवढी भीती वाटली होती, तेवढी आता वाटत नव्हती, एवढंच.

"झालं. आता मागा."

गोरक्ष वळला. घसा खाकरला. "म्हशीला खुरांत जखम झाली की..."

"गोरक्ष!"

तिनं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. तो हळूच, शब्द चाचपत म्हणाला, "मला रोज सकाळी तुमच्या आधी उठून, तुम्ही उठायची वाट बघायचीय. काय वाचता, कशानं हसता, कशानं चिडता... हे फलकावरून नको आता. जवळून बघायचंय. आयुष्यभर. गावात त्याला लग्न म्हणतात."

"पुणतांब्यात काय म्हणतात?"

"तिथं पण लग्नच म्हणतात."

"मग हो," लीना म्हणाली.

वारा सुटला होता. कडुलिंबाची पिवळी पानं खोड्यावर, म्हशीच्या पाठीवर, तिच्या पदरावर पडत होती. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. एवढा वेळ की मोबाईलची स्क्रीन विझली.

आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "अहो, पण... तुम्ही जाताय की राहताय?"

"हे आत्ता विचारताय? हो म्हणायच्या आधी का नाही विचारलंत?"

"सुचलंच नाही," तो म्हणाला. जगातल्या सगळ्या गोष्टी विचारणारा तो माणूस, इतक्या भाबडेपणानं म्हणाला की लीनाला खोड्यावर तोल सावरणं अवघड झालं. तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. बोटानं ओळीखाली रेघ ओढत, अपूर्वा वाचते तसं.

'आपला विनंती बदलीचा अर्ज मागे घेण्यात आला आहे.'

"अवं डॉक्टर," शेवटी बायडाबाईला राहवेना, "तुमचं ठरलं ते लई चांगलं झालं. पन माजी म्हस तीन पायांवर हुभी हाय मगापासनं. तिचं बगा की आता!"

गोरक्ष धावला. म्हशीनं त्याला बघून मान झटकली, दावं बायडाबाईच्या हातातून निसटलं. लीना खोड्यावरून खाली उतरली. आठ वर्षं या रानात काढली, पण जनावराचं दावं तिनं कधी हातात घेतलं नव्हतं. खरखरीत होतं, ओलसर, आणि पलीकडून एवढं मोठं जिवंत वजन ओढत होतं. तिनं दोन वेढे मनगटाला घेतले आणि पाय रोवले.

"सुटणार नाही ना?" खाली वाकून खूर हातात घेत त्यानं विचारलं.

"नाही," लीना म्हणाली. "धरलंय मी."